न केलेल्या गुन्ह्यावर पन्नास टक्के सूट

चौकात हवालदाराने शिट्टी मारून गाडी बाजूला घ्यायला लावली की पुढे काय होणार, हे दोन्ही बाजूंना पाठ असायचं. आधी लायसन्स. मग गाडीची चावी हवालदाराच्या मुठीत. मग ‘साहेब, पिवळा होता’, ‘पिवळा म्हणजे काय, पळा?’, ‘साहेब, मुलीची शाळा सुटलीय’, ‘मग फाडू का पावती?’ यातला जो भाग पावतीशिवाय मिटायचा त्याचं मला कौतुक नाही, आणि तो काळ परत यावा असंही मुळीच वाटत नाही. पण समोर एक माणूस असायचा. ‘तो मी नव्हेच’ असं म्हटलं तर त्याला निदान तुमच्या तोंडाकडे बघावं लागायचं.

आता मेसेज येतो. गाडीचा नंबर, चलानाचा नंबर, रक्कम आणि खाली लिंक. महाराष्ट्रात ई-चलान आल्यापासून बहुतेकांचा वाहतूक पोलिसांशी संबंध एवढाच उरलाय. भांडायला कोणी नाही, गयावया करायला कोणी नाही. माझ्या धाकट्या दिराला हे फार आवडतं. ‘वहिनी, लाच बंद झाली की नाही?’ म्हणतो. झाली असेल. पण लाचेबरोबर ‘माझं ऐकून तरी घ्या’ म्हणायची जागाही गेली, हे मला एका चलानाने शिकवलं.

स्कूटर माझ्या नावावर आहे, चालवतो आम्ही घरातले सगळे. विमा भरताना एकदा मुलीने सहज यादी उघडली, तर थकलेल्या चलानांची रांगच होती. बरीचशी खरी होती, त्यांच्याबद्दल वाद नाही. मंडईपाशी नो पार्किंग, एका सिग्नलला पांढऱ्या पट्टीच्या पुढे उभं राहणं, मुलीचं हेल्मेट. हेल्मेटच्या फोटोत तर ती चक्क कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. पण त्या रांगेत एक होतं ट्रिपल सीटचं, आणि तेही अशा गावाजवळच्या रस्त्यावरचं, जिथे आमची स्कूटर टेम्पोत घालून नेली तरच पोचली असती.

फोटो उघडला. मोटारसायकल. काळी. तिच्यावर तीन तरुण, मधल्याच्या हातात क्रिकेटची बॅट, मागच्याचा एक पाय हवेत. आमची स्कूटर मोतिया रंगाची, आणि घरात त्या वयाचा, त्या बांध्याचा कोणी नाही. फोटो मोठा केला तेव्हा उलगडा झाला. त्या गाडीची नंबरप्लेट आपल्याकडे असते तशी ‘फॅन्सी’ होती. आकडे वाकवून, शेपट्या काढून, कुठे ‘दादा’ तर कुठे ‘बॉस’ वाचता यावं म्हणून रंगवून घेतात ना, त्यातली. तिच्यातला सहाचा आकडा वरून इतका गुंडाळला होता, आणि नेमका त्या वळणातच प्लेटचा स्क्रू बसला होता, की वाचणाऱ्याने आठ वाचला. त्या आठाने दंड आमच्या दारात आला. नियमबाह्य प्लेट लावणारा सुटला आणि नियमातली प्लेट लावणारी सापडली, यातला विनोद मला तेव्हा अजिबात दिसला नाही.

आता इथे थोडा कायदा. कॅमेऱ्याला गाडी दिसते, चालवणारा कोण ते कळत नाही. म्हणून चलान मालकाच्या नावावर येतं, आणि चालक कोण होता हे विचारलं तर सांगण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ ने मालकावर टाकलेली आहे. यात काही गैर नाही. पण त्याच कायद्याची दुसरीही बाजू आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने नियम केला, १६७-अ. कॅमेऱ्याची, वेग मोजणाऱ्या यंत्राची मंजुरी दरवर्षी नव्याने घ्यायची. कॅमेरा जिथे आहे तिथे तसा फलक लावायचा. चलानासोबत नंबरप्लेट दिसेल असा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुठलं कलम मोडलं ते द्यायचं. नोटीस १५ दिवसांत पाठवायची. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्रही जोडायचं. म्हणजे फोटो हा पुरावा आहे, निकाल नव्हे, हे कायद्याला ठाऊक आहे. मेसेजला ते ठाऊक नाही. मेसेज थेट रक्कम सांगतो.

ऑनलाइन तक्रार केली. गाडीच्या आरसी बुकाचा फोटो, स्कूटरचे दोन बाजूंनी फोटो, आणि मराठीत चार ओळी की चित्रातलं वाहन मोटारसायकल आहे आणि माझं स्कूटर. काही दिवसांनी उत्तर आलं की चलान योग्य आहे. कारण काही नाही. म्हणून आमच्या शहरातल्या वाहतूक शाखेत गेले. तिथले हवालदार वयाने माझ्याएवढेच असतील, बोलायला अगदी चांगले. मोबाइल हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि लगेच म्हणाले, ‘ताई, ही तर मोटारसायकल आहे.’

‘तेच तर सांगतेय.’

‘पण हे आमच्या हद्दीतलं नाही. ज्यांनी केलं त्यांनीच रद्द करायचं असतं.’ मग आवाज जरा खाली आणून, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, ‘तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? पुढच्या महिन्यात लोकअदालत आहे. सगळी चलानं एकदम घेऊन या. निम्म्यात मिटेल.’

‘पण हे आम्ही केलेलंच नाही.’

‘म्हणून तर निम्म्यात म्हणतोय.’

हे वाक्य ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते, आणि म्हणूनच ते डोक्यातून जाईना.

लोकअदालत ही गोष्ट मला तत्त्व म्हणून आवडते. १९८२ मध्ये गुजरातेत तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या उना इथे पहिली भरली असं मानतात. पुढे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला पाया मिळाला. आता देशभर एकाच दिवशी राष्ट्रीय लोकअदालती भरतात, वर्षातून साधारण चार. वकील लावायला नको, तारखा नकोत, दोन्ही पक्ष समोरासमोर बसले, पटलं तर निवाडा, आणि त्या निवाड्यावर अपील नाही. भावाभावांचे बांधावरचे वाद, नवराबायकोच्या पोटगीचे, अपघाताच्या भरपाईचे कितीतरी खटले असे एका दिवसात मिटतात. मिटल्यावर दोन्ही बाजू एकाच टपरीवर चहा घेतात, हे मी पाहिलेलं आहे.

शनिवारी जिल्हा न्यायालयाच्या आवारात गेले तर जत्रा होती. एका मांडवात बँकांची थकलेली कर्जं, दुसरीकडे वीजबिलं, पुढे घरपट्टी-पाणीपट्टी, आणि सर्वांत लांब रांग आमची, चलानवाल्यांची. झेरॉक्सवाल्याने फाटकाबाहेर टेबल टाकलेलं, कारण अर्ध्या लोकांकडे यादीची छापील प्रत नव्हती. रांगेत माझ्यापुढे एक रिक्षावाले काका होते. आपली यादी वाऱ्यावर धरून म्हणाले, ‘यंदा मीटरपेक्षा हेच जास्त फिरलं.’ त्यांच्यापुढे घरपोच जेवण पोचवणारा एक पोरगा, कंपनीच्या टी-शर्टातच आलेला, सारखा फोनकडे बघणारा. त्याला दुपारच्या ऑर्डरी गाठायच्या होत्या.

टेबलामागे तिघं. मधे निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला वकीलबाई, दुसऱ्या बाजूला सामाजिक कार्यकर्ते म्हणून नेमलेले एक गृहस्थ. शेजारी वाहतूक शाखेचे फौजदार आणि संगणकावर टायपिंग करणारा मुलगा. त्या जेवण पोचवणाऱ्या पोराला न्यायाधीशांनी पहिला प्रश्न विचारला, ‘किती भरू शकतोस?’ एक आकडा त्याने सांगितला, एक फौजदारांनी. वकीलबाईंनी मधला काढला. पोरगा म्हणाला, ‘मॅडम, अजून थोडं बघा ना.’ कोथिंबिरीच्या जुडीवर होते तशी घासाघीस, पण आवाज न चढवता, आणि माणुसकीने. अजून थोडं बघितलं गेलं. त्याने सही केली, क्यूआर कोडवर पैसे भरले आणि धावत सुटला. त्याने सिग्नल मोडला का, मोडला तर का, वीस मिनिटांत जेवण पोचवायचं वचन कोणी कोणाच्या जिवावर दिलं होतं, हे कोणी विचारलं नाही. विचारायचं कामच नव्हतं त्यांचं.

माझी पाळी आली तेव्हा मी खरी चलानं वेगळी ठेवली आणि हे एक वेगळं. खऱ्यांचं दोन मिनिटांत ठरलं. मग मी मोटारसायकलचा फोटो पुढे केला. न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बघितला, वकीलबाईंना दाखवला. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘बॅट घेऊन बसलाय हो.’

न्यायाधीश म्हणाले, ‘बाई, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण मी इथे बसून हे खरं की खोटं ठरवू शकत नाही. इथे फक्त तडजोड होते. तुम्हाला पटत असेल तर निम्मं भरा, नसेल तर हे प्रकरण बाजूला ठेवू.’

ते चुकीचं बोलत नव्हते. लोकअदालतीला न्यायनिवाडा करण्याचा अधिकारच नाही. दोन्ही पक्षांत समझोता झाला तर तो नोंदवायचा, नाही झाला तर कागद परत पाठवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जालोर सिंग प्रकरणात स्वच्छ सांगून ठेवलंय. आणि समझोता म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडं सोडायचं. जमिनीच्या बांधावर हे ठीक. एक हात तू सोड, एक हात मी सोडतो. पण मी त्या गाडीवर होते किंवा नव्हते, यात मधला आकडा कुठला काढणार?

फौजदार समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘मॅडम, पाचशे रुपयांचा तर प्रश्न आहे.’ मागे रांग चुळबुळत होती. रिक्षावाले काका आपलं काम आटपून तिथेच थांबले होते, तेही म्हणाले, ‘भरून टाका ताई, कोर्टाची पायरी कशाला?’ सगळ्यांना माझं बरंच व्हायला हवं होतं, आणि सगळ्यांचा सल्ला एकच होता.

पाचशेचा प्रश्न नव्हता. ट्रिपल सीटला कायद्यात १००० रुपये दंड आहे आणि त्याशिवाय तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद. आणि एक बारीक गोष्ट, जी रांगेतल्या कोणालाच माहीत नव्हती. कलम २०० नुसार तडजोड शुल्क भरलं की खटला संपतो, हे खरं. पण २०१९ च्या दुरुस्तीने त्याला एक शेपूट जोडलंय: तडजोड झाली तरी तो गुन्हा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजायचा. साध्या नियमभंगाला पहिल्यांदा ५००, पुन्हा तेच केलं तर १५००, असा चढा हिशोब जिथे आहे तिथे ही मोजणी खिशाला लागते. म्हणजे आपण घासाघीस करतो ती रकमेवर. आरोप पूर्णच्या पूर्ण आपल्या नावावर राहतो, वर आपली सही.

घरी येऊन हे मावसभावाला फोनवर सांगितलं. तो न्यू जर्सीत, एडिसनला असतो. गेली कित्येक वर्षं तिथेच. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःचं पुराण काढलं. ताशी ४० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर त्याला ५८ ने पकडलं होतं. तिथल्या हिशोबात मर्यादेपेक्षा १५ ते २९ मैल जास्त म्हणजे लायसन्सवर चार पॉइंट. दंडाचं कोणाला फारसं काही नसतं; पॉइंट चढले की विम्याचा हप्ता वर्षानुवर्षं चढतो, ती भीती. म्हणून तिथे लोक ‘मी निर्दोष’ असं कळवून नगरपालिकेच्या कोर्टात तारीख घेतात. तारखेला सरकारी वकील आधी बोलावून घेतो, तुमचा आधीचा इतिहास बघतो, आणि सांगतो की वेगाचा आरोप मागे घेतो, त्याऐवजी ‘असुरक्षित रीतीने वाहन चालवणे’ कबूल करा.

हे कलम तिथे २००० मध्ये आलं आणि तडजोडीतच सर्वांत जास्त वापरलं जातं. पहिल्या दोन वेळा शून्य पॉइंट. पाच वर्षांत तिसऱ्यांदा झालं तर मात्र चार. आणि याची किंमत? दंड पहिल्या वेळी ५० ते १५० डॉलर, कोर्टाचा खर्च, आणि वर २५० डॉलरचा अधिभार. सगळं मिळून मूळ दंडापेक्षा जास्तच.

‘म्हणजे तू जास्त पैसे देऊन कमी गुन्हा विकत घेतलास?’ मी विचारलं.

‘आणि तू कमी पैसे देऊन पूर्ण गुन्हा घेणार होतीस,’ तो म्हणाला. आमच्या मावशीचं पोर आहे, तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

त्याच्याकडेही सगळं आलबेल नाही हे त्यानेच सांगितलं. न्यायाधीश विचारतात, तुम्ही स्वखुशीने कबूल करताय ना? असुरक्षित चालवली होती ना? आणि घरातला सगळ्यात सरळ माणूस, जो रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देतो, तो म्हणतो, हो, चालवली होती. राज्याला पैसे मिळतात, त्याचा विमा वाचतो, खटला मिटतो. खरं काय घडलं याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. फरक एवढाच की त्याला सौदा होण्याआधी ‘नाही’ म्हणता येत होतं, आणि ‘नाही’ म्हटलं असतं तर पोलिसाला येऊन रडार नीट तपासलेलं होतं हे दाखवावं लागलं असतं. सौदा त्या ‘नाही’च्या जोरावर होता. माझ्याकडे तो जोर नव्हता. मी ‘नाही’ म्हटलं तर पुढे कोण काय सिद्ध करणार, कधी, कुठे, याचं उत्तर त्या मांडवात कोणाकडेच नव्हतं.

खरं तर आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय मार्ग तिसराच आहे: काहीच करायचं नाही. आमच्या सोसायटीतले एक वकील जिन्यात भेटले की हाच सल्ला देतात. ‘ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल कोर्टाला सहा महिन्यांच्या आतच घेता येते. तोवर खटला गेला नाही तर काय करणार आहेत?’ मुदतीचं कलम तर आहेच, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत ४६८ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ५१४. पण त्यामुळे यादीतली नोंद आपोआप पुसली जात नाही, आणि मेसेजही थांबत नाहीत. शिवाय सरकारंच लोकांना थांबायला शिकवतात. मार्च २०२२ मध्ये तेलंगणाने दुचाकीवाल्यांना सांगितलं की २५ टक्केच भरा, बाकी माफ. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने निम्म्यात मिटवलं आणि बंगळुरूत भरणाऱ्यांची झुंबड उडाली. आपल्याकडचा इतिहासही काही वेगळा नाही. १ सप्टेंबर २०१९ ला वाढीव दंड देशभर लागू झाले तेव्हा विधानसभेच्या तोंडावर महाराष्ट्राने ते थांबवून धरले. नवे दर इथे यायला डिसेंबर २०२१ उजाडला. मग ज्याने मेसेज आला त्याच संध्याकाळी पूर्ण रक्कम भरली तो मूर्ख ठरतो. आमच्या मजल्यावर असे एक काका आहेत, निवृत्त शिक्षक. लोकअदालतीची बातमी वाचली की त्यांचा दिवस खराब जातो.

या सवलतींविरुद्ध मी आहे असं नाही. तो जेवण पोचवणारा पोरगा पूर्ण रक्कम कधीच भरू शकला नसता. पण दंड परवडत नसणं आणि दंड लागूच नसणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एकाच टेबलावर, एकाच पन्नास टक्क्यांत दोन्ही बसवल्या की पहिल्याला दिलासा मिळतो आणि दुसऱ्याला गप्प बसवलं जातं.

माझं काम अखेर झालं ते कागदामुळे. ज्या हद्दीत तो फोटो निघाला तिथल्या कार्यालयात साधा लेखी अर्ज दिला. सोबत आरसीची झेरॉक्स, स्कूटरचे फोटो, चलानातला फोटो मोठा करून त्यातल्या सहावर लाल पेनने गोल, आणि पोर्टलच्या त्या एका ओळीच्या उत्तराची प्रत. दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का, तारीख आणि सही घेतली. शिक्का मारणाऱ्या बाईंनी ‘ऑनलाइन करा ना’ म्हणून बघितलं. मी ‘ऑनलाइन झालंय, हे घ्या’ म्हणून तिथेच उभी राहिले. काही आठवड्यांनी पाठपुरावा केला तेव्हा तिथल्या तरुण फौजदारीणबाईंनी संगणकावर फोटो काढला, माझ्या लाल गोलाकडे बघितलं, आणि माझ्यासमोरच चार-पाच बटणं दाबली.

‘झालं, काढलं.’

‘चूक झाली होती असं लिहून मिळेल का?’

‘लिहून कशाला मॅडम? यादीत दिसत नाही ना आता?’

‘आणि ती मोटारसायकल?’

त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. सहा घालून नंबर टाकला, गाडी सापडली, मालकाचं नावही आलं. मग खालची तारीख बघून त्या म्हणाल्या, ‘आता नाही पाठवता येणार. पंधरा दिवस कधीच उलटून गेलेत.’

मी शिक्क्याची प्रत आणि रिकाम्या यादीची छापील प्रत मागून घेतली. स्कूटरच्या डिकीत पीयूसीबरोबर ठेवलीय.